घटस्थापनेच्या दिवशीचा मूस

ये गं, अशी जवळ सरक. आणि आधी तो फोन पालथा ठेव. लिहून पाठवतेय खरं, पण तू समोर बसलीयस असंच मी धरून चालणार आहे, त्यामुळे मध्येच उठायचं नाही. मी मोठ्या हौसेने फॅमिली ग्रुपवर गेल्या वर्षीच्या मूसचा फोटो टाकला, तर तू त्याच्याखाली एक रडका चेहरा चिकटवलास आणि "मावशी, हाऊ कुड यू" एवढं लिहून मोकळी झालीस. अगं, प्रश्न विचारला की उत्तराला थांबायचं असतं. जर्सी सिटीत उंच माळ्यावर बसून बिर्याणी मागवतेस, ती कोंबडी काय झाडाला लागते? जाऊ दे. रागावले नाही मी. पण त्या फोटोत नारिंगी टोपी घातलेला, एक खांदा वर आणि एक खाली असा जो माणूस उभा आहे ना, तो कोण हे कळल्याशिवाय तुझी सुटका नाही.

ते आमचे घरमालक. मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे रस्त्यावर माणसांपेक्षा लाकडाचे ट्रक जास्त, तिथे तुझ्या काकांना कागदाच्या गिरणीत नोकरी लागली. राहायला जागा शोधत होतो, तर गिरणीतलेच एक मराठी इंजिनिअर म्हणाले, माझं खालचं घर रिकामं आहे. दोन वर्षांसाठी म्हणून आलो आणि राहूनच गेलो. ते वर, आम्ही खाली. आता ते दोघेही रिटायर झाले, पण मी त्यांना भाऊजी म्हणते आणि ते मला वहिनी म्हणतात, ते पहिल्या दिवसापासूनचं.

माणूस वर्ध्याकडचा. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं बाप्पा," जसं काही दूध आणायचं राहून गेलं. इथल्या थंडीत पायात लोकरीचे मोजे आणि वर कोल्हापुरी चपला. घरात टीव्ही नाही, पण बर्फ पडायला लागला की खिडकीपुढे खुर्ची टाकून बसायचे आणि मी वर गेले की म्हणायचे, "बसा वहिनी, आत्ताच सुरू झालं."

आणि एक धनुष्य. नाटकात असतं तसं नाही, चाकांचं, काळं, इंजिनाच्या भागासारखं दिसणारं. दोरी ओढायला लागलं की आधी जड जातं, आणि पूर्ण ओढली की चाकं फिरून हलकं होतं. वरच्या गॅलरीतून मागच्या अंगणातल्या चिंध्यांच्या पोत्यावर रोज बाण मारायचे. मधे माझी कपडे वाळत घालायची दोरी. म्हणून त्यांनी गॅलरीला सायकलची घंटी बसवली होती. घंटी वाजली की मी आत जायचं. एकदा मी आत गेले पण तुझ्या काकांचा पायजमा बाहेर राहिला. त्याला उजव्या गुडघ्यावर अजून भोक आहे. तुझे काका म्हणाले, "पायजम्यात मी नव्हतो हे नशीब." भाऊजी म्हणाले, "असते तर घंटी ऐकली असती."

दसऱ्याला त्या धनुष्याची पूजा. हळदकुंकू, झेंडू मिळाला नाही तर दुकानातली शेवंती. तुझ्या पिढीला हे चमत्कारिक वाटेल, पण शस्त्राची पूजा करतात ना दसऱ्याला, मग शस्त्र घरात असताना कात्री आणि सुऱ्या काहून पुजायच्या, असं त्यांचं म्हणणं.

आता मूस म्हणजे काय ते तुला शहरात राहून ठाऊक नसणार. हरणाच्या जातीतला, पण घोड्याहून उंच, म्हशीच्या रंगाचा, आणि नराच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना पराती पसरल्यासारखी शिंगं. याची शिकार वाटेल तेव्हा करता येत नाही. राज्याची सोडत असते, आपल्याकडे घरांची निघते तशी. नाव निघालं तर परवाना, तोही ठराविक भागाचा आणि ठराविक आठवड्याचा. भाऊजी दर वर्षी नाव घालायचे. दर जूनमध्ये खाली यायचे, "वहिनी, चहा टाका. आपलं नाव नाही," म्हणायचे, आणि चहा पिऊन वर जायचे.

गेल्या वर्षी जूनमध्ये आले आणि खुर्ची ओढून बसले. चहा प्यायले. अजून एक प्यायले. मग म्हणाले, "वहिनी, निघालं."

मी साखरेचा डबा काढून हातावर साखर ठेवली. पण ते खूश दिसेनात. उजव्या खांद्याला डावा हात लावून बसले होते. तो खांदा दोन हिवाळे दुखतच होता. डॉक्टरने सांगितलं होतं, ऑपरेशन करावंच लागेल, आणि केल्यावर धनुष्य विसरायचं. भाऊजी ते पुढे ढकलत होते. सोडतीत एकदा नाव निघालं की पुढची काही वर्षं पुन्हा नाव घालता येत नाही, आणि भाऊजी सत्तरी ओलांडलेले. म्हणजे हा एक आठवडा. तेवढ्यात त्या खांद्याने एकदा, फक्त एकदा, दोरी पूर्ण ओढायची. नाहीतर आयुष्यभर चिंध्यांच्या पोत्यावर मारलेले बाण, बाकी काही नाही.

तुझे काका म्हणाले, "मग बंदूक घ्या ना. सगळे बंदुकीनेच मारतात."

"बंदुकीने लांबून मारायचं," भाऊजी म्हणाले. "त्याला कळतही नाही कोण आलं होतं. माझं तसं नाही जी. त्याने यावं, मी असावं, मधे झाड नसावं. मग काय ते होऊ दे."

परवाना सप्टेंबर अखेरच्या आठवड्याचा, सीझनची अगदी सुरुवात. तेव्हा नर नुकते माद्यांच्या शोधात निघालेले असतात, हाक दिली तर येतात. पण झाडांवर पानं असतात, त्यामुळे दिसत नाहीत. ऊन असतं, त्यामुळे जनावर पडलं की मांस लगेच थंड करावं लागतं, नाहीतर वाया. आणि मूसला डोळ्यांनी फार दिसत नाही, पण नाक विचारू नकोस.

त्या नाकापायी आमचं काय झालं ऐक. ऑगस्टमध्ये भाऊजी खाली आले, दाराजवळ टांगलेले कोट एकेक करून हुंगले, आणि म्हणाले, "वहिनी, या कोटाला हिंग आहे." मी म्हटलं, सगळ्यांच्याच कोटाला असतो. म्हणाले, "गणपती गेले की फोडणी बंद." मला वाटलं थट्टा. थट्टा नव्हती. आमच्या घरातली गरम हवा नळ्यांमधून त्यांच्याकडे जाते, आणि फोडणीही त्याच वाटेने जाते. शिकारीचे कपडे त्यांनी देवदाराच्या डहाळ्या घालून डब्यात बंद केले, आणि माझ्या स्वयंपाकघरात विसर्जनापासून मोहरी तडतडली नाही. तुझे काका उकडलेल्या वरणाकडे बघून म्हणायचे, "हे आजारी माणसाचं जेवण आहे, आणि आजारी वरचा आहे."

तू म्हणशील, मावशी तू यात कुठून आलीस. सांगते. भाऊजी अंगणात बर्च झाडाच्या सालीचा कर्णा करून मूसच्या मादीची हाक काढायला शिकत होते. मी दोरीवरचे कपडे काढत होते. मला काही राहवलं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, ही म्हैस आजारी आहे. माजावर आलेली अशी नाही रेकत."

"मग कशी रेकते?"

आता माझं माहेर कृष्णाकाठचं, तुला माहीतच आहे, गोठ्यात म्हशी. माजावर आलेली म्हैस रात्रभर झोपू देत नाही. मी हातातला पायजमा दोरीवर टाकला, तोंडापुढे ओंजळ धरली आणि रेकले. खालून सुरू करून वर नेलं आणि शेवटी लांबवून सोडलं. शेजाऱ्यांचा कुत्रा उठून उभा राहिला. भाऊजींनी तो कर्णा माझ्या हातात दिला. "तुम्ही येणार," म्हणाले.

मग त्यांनी मला खऱ्या मूसच्या हाका ऐकवल्या. म्हशीपेक्षा जरा नाकातून असते आणि शेवट रडवेला असतो, एवढाच फरक. मी रोज संध्याकाळी अंगणात रेकायचे. या वयात अंगणात उभं राहून मनसोक्त ओरडायला मिळतं, कुणी काही म्हणत नाही, मला तर फार आवडलं ते.

आणि मग कॅलेंडर बघितलं, तर सीझनचा पहिला दिवस सोमवार, घटस्थापना.

तुझे काका म्हणाले, "घटस्थापनेला कुणी शिकार करतं का?"

भाऊजी म्हणाले, "देवीच्या हातात काय असतं? पोळपाट लाटणं?"

झालं, ठरलं. मी पहाटे उठून घट बसवला, दिवा लावला, "हा विझू द्यायचा नाही" असं तुझ्या काकांना बजावलं, आणि उपवासाचे चार खजूर खिशात टाकून निघाले.

उजाडायच्या आत आम्ही लाकडाच्या रस्त्यावर गाडी लावून आत चालत गेलो. पुढे दलदल, तिच्या काठाने बुटक्या झाडांची गर्दी, आणि मधे एक उघडा पट्टा. एका मोठ्या देवदाराखाली बसलो. वारा तोंडावर, म्हणजे आमचा वास मागे. भाऊजी कुजबुजले, "झकास." मी पण बसले, मांडीवर कर्णा. आणि वारा जरासा वळला.

"भाऊजी."

"शू."

"भाऊजी, तुम्ही तेल लावलंय."

"नाही जी."

"महानारायण. आमच्या सासूबाईंना मी वर्षानुवर्षं चोळलंय, मला कळत नाही होय?"

त्यांनी मान वळवून स्वतःचाच खांदा हुंगला. अंधारातही मला त्यांचा चेहरा दिसला. रोज पहाटे उठल्या उठल्या त्या खांद्याला तेल चोळायची सवय. हात आपला आपण बाटलीकडे गेला असणार. दोन आठवडे आमच्या घरात जिऱ्याचा दाणा तडतडू दिला नाही, आणि हा मनुष्य अख्ख्या आयुर्वेदाचा वास घेऊन जंगलात येऊन बसला होता. मला असं हसू आलं की मी टोपी तोंडात कोंबली.

"संपलं," ते म्हणाले. खरंच तसं म्हणाले, लहान मुलासारखं. "वहिनी, संपलं. त्याला एका मैलावरून कळेल."

"काढा तो शर्ट," मी म्हटलं.

घटस्थापनेच्या पहाटे, उपाशी पोटी, मी एका सत्तरीच्या माणसाची पाठ दलदलीच्या चिखलाने घासली. आधी चिखल, मग देवदाराचा पाला चुरगाळून, मग पुन्हा चिखल. ते कुडकुडत होते आणि मी खांद्याला जरा जोर लावला की "हळू, हळू" करत होते. शेवटी मी हुंगून बघितलं. गोठ्यासारखा वास आला. म्हटलं, चला, आता माणसात आलात.

मग उजाडलं. मी पहिली हाक दिली. काही नाही. एक डास माझ्या कानात गाणं म्हणून गेला. भाऊजींनी डबा भरून पाणी वरून खाली ओतलं, मादी पाण्यात उभी राहून लघवी करते तसा आवाज काढायला. ही खरी युक्ती आहे गं, हसू नकोस. मी दुसरी हाक दिली, जरा जास्त रडवेली. आणि लांबून, दलदलीच्या पलीकडून उत्तर आलं. "ओंक."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. पुन्हा आलं. "ओंक. ओंक." प्रत्येक पावलाला एक. आणि मग खाडखाड आवाज, पाट लाकडावर आपटावा तसा. शिंगं फांद्यांना लागत होती. माझं काळीज असं उडत होतं की मला वाटलं तेही त्याला ऐकू जाईल. अगं, मी पोरगी असताना गोठ्यातून हाक मारली की म्हैस यायची, त्यात काय. पण हे माझ्या ओळखीचं नव्हतं, जंगल त्याचं, आणि तो माझ्या आवाजाला येत होता.

झाडं बाजूला झाली आणि तो उभा. तुला सांगते, तो एवढा मोठा होता की आधी त्याचे पायच दिसले. गळ्याखाली केसांची झोळी, शिंगांवर ओल्या वेली लटकलेल्या, नाकातून वाफ. वीसेक पावलं असतील. भाऊजींनी धनुष्य उचललं आणि दोरी ओढायला लागले. मी त्यांच्या खांद्याकडे बघत होते, मूसकडे नाही. दोरी अर्ध्यावर थांबली. त्यांच्या तोंडातून बारीक आवाज आला. मग दात आवळून ओढली ती पूर्ण.

आणि तो नेमका एका झाडाआड थांबला. डोकं बाहेर, ढुंगण बाहेर, बाण मारायची जागा खोडामागे. भाऊजी दोरी ओढून धरलेले. सोडता येईना, कारण हललं तर तो जाणार. आणि एकदा सोडली तर त्या खांद्याने पुन्हा ओढली जाणार नव्हती, हे त्यांना माहीत, मलाही माहीत. ती पूर्ण ओढल्यावर हलकी होते म्हणतात, पण त्या माणसाचा कोपर थरथरायला लागला होता. मग दंड. मग टोपीचं टोक. मूस उभाच.

मी कर्णा उचलला नाही. हालचाल झाली असती. तशीच मान खाली घालून, तोंड जेमतेम उघडून रेकले. हळूच. रेडकाला जवळ घेताना म्हैस करते तसं, घशातल्या घशात.

त्याने एक पाऊल टाकलं.

दोरीचा आवाज झाला, आणि मागोमाग एक ठोस आवाज, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. मूस चार उड्या मारून पुढे गेला, थांबला, वळून बघितलं, जणू कुणी हाक मारली ते अजून शोधत होता. मग त्याचे मागचे पाय बसले, आणि तो आडवा झाला. पाणी आमच्यापर्यंत उडालं.

मी उठायला लागले तर भाऊजी म्हणाले, "बसा. लगेच जायचं नसतं." मी बसले. ते समोर बघत होते. धनुष्य डाव्या हातात तसंच, आणि उजवा हात मांडीवर पडलेला. जरा वेळाने म्हणाले, "वहिनी, माझा हात कुठे आहे तो बघा."

"मांडीवर आहे."

"मले समजून नाही राहिला," म्हणाले, आणि रडायला लागले, आणि हसायलाही. मीही. दोघं चिखलाने माखलेले, मधे खजूर.

मग गेलो त्याच्याजवळ. मी कपाळाला हात लावला. केस खरखरीत, ओले, गरम. भाऊजींनी डाव्या हातानेच नमस्कार केला, उजवा येईचना. 

पण बसायला वेळ नव्हता, ऊन चढत होतं. मी रस्त्यापर्यंत पळत गेले, पळत म्हणजे आता माझं जे काही पळणं असतं ते, आणि फोन लागेपर्यंत टेकडी चढले. तुझे काका आणि लाकडाच्या ट्रकवाला शेजारी, दोरखंड आणि चाकू आणि बर्फाच्या पेट्या घेऊन आले. मी पहिलं विचारलं, "दिवा?"

"शेजारीणबाईंना बसवून आलोय," तुझे काका म्हणाले. "तेल कसं घालायचं ते दाखवलंय."

ती बाई दिवसभर आमच्या देवापुढे खुर्ची टाकून बसली होती, दर थोड्या वेळाने दिव्याचा फोटो पाठवत होती. खाली लिहायची, "स्टिल ऑन."

कातडी काढली, पायाचे तुकडे केले. मीही केले, गोठ्यातली पोरगी आहे मी. मांस कापडात गुंडाळून हवेशीर टांगायचं असतं, म्हणजे माश्या बसत नाहीत आणि लवकर निवतं. त्यासाठी मी माझी जुनी सुती पातळं धुऊन आणली होती. देवदाराच्या फांदीवर हिरव्या काठाचं, जांभळ्या काठाचं, लाल ठिपक्यांचं, अशी ओळीने लागली. शेजारी म्हणाला, "मॅम, आय हॅव नेव्हर सीन अ मूस ड्रेस्ड लाइक दिस." भाऊजी एका ओंडक्यावर बसून डाव्या हाताने सगळ्यांना हुकूम सोडत होते, आणि कुणीच ऐकत नव्हतं.

दुपारच्या आत सगळं बर्फात गेलं. एक तुकडा वाया गेला नाही. मात्र गंमत बघ, ज्यांना वाटा द्यायचा कबूल केला होता ती सगळी मराठी मंडळी, पार लांबच्या मॉरिसव्हिलपर्यंतची, फोनवर म्हणाली, "काकू, नवरात्र आहे, दसऱ्यानंतर." मग दसरा झाल्यावर भाऊजींनी स्वतः वऱ्हाडी रस्सा केला, म्हणजे ते सांगत होते आणि मी करत होते. फोडणी एवढी दणकून दिली की तुझे काका भांड्याजवळच उभे राहिले, हलेचनात.

नोव्हेंबरात ऑपरेशन झालं. डॉक्टरने सांगितलं होतं तसंच. उजवा हात आता छातीच्या वर जात नाही. धनुष्य वरच्या भिंतीवर आहे. मला भीती होती, आता हा माणूस खिडकीपुढे बसून राहणार. पण नाही गं. आता ते मूस सांगतात. कुणीही येऊ दे, पोस्टमन येऊ दे, त्याला दारात उभं करून सांगतात. डावा हात पुढे धरतात, उजवा छातीपर्यंत आणतात, तिथे तो अडतो, आणि पुढची दोरी ते तोंडाने ओढतात, "कर्रर्र." ऐकणारा श्वास धरतो. मी स्वतः बघितलंय ते सगळं, तरी मीही धरते.

फक्त एक झालंय. वीस पावलांवरचा मूस हिवाळ्यात पंधरावर आला. उन्हाळ्यात दहावर. परवा कुणीतरी पाहुणे आले होते, तर पाच. पाहुणे माझ्याकडे बघतात, साक्षीदार मी एकटीच ना. मी मान डोलावते. त्या कोपराची थरथर मी बघितलीय. त्यांना मूस किती जवळ वाटला असेल ते मी कोण ठरवणार?

तर तू लवकर ये. लाँग वीकेंडला ये, ड्राइव्ह करायचा कंटाळा आला तर विमानाने ये, आम्ही आणायला येऊ. पायात जाड मोजे घाल. रडका चेहरा टाकलास त्याबद्दल भाऊजी तुला काही बोलणार नाहीत, ते फक्त तुला समोर बसवतील. पण उशीर करू नकोस, बाळा. अजून तो मूस दाराबाहेर उभा आहे. दिवाळीपर्यंत आत येईल, आणि मग तुला बसायला जागा कुठून आणू?